सिबिल अहवालातली चूक शोधायची कशी आणि ती मुळातून दुरुस्त करून घ्यायची कशी

क्रेडिट अहवालात, म्हणजे बोलण्यातल्या 'सिबिल'मध्ये, तुमच्या कर्जाची जी नोंद दिसते, ती अहवाल देणारी कंपनी स्वतः लिहीत नाही. नोंद येते कर्ज देणाऱ्या बँकेच्या, फायनान्स कंपनीच्या किंवा कार्ड देणाऱ्या बँकेच्या खातेवहीतून. क्रेडिट कंपनी ती नाव, जन्मतारीख, पॅन यांवरून जुळवते आणि तुमच्या नावाखाली लावते. चूक दोन्हीकडे होऊ शकते, लिहिण्यात किंवा लावण्यात. दुरुस्तीसाठी कोणाकडे जायचं हे त्यावरून ठरतं. 'सिबिल खराब आहे' एवढं ऐकून घाबरलेला माणूस बरेचदा दोन काउंटरांमध्ये हेलपाटे घालतो. बँक म्हणते सिबिलला विचारा, सिबिल म्हणतं बँकेने कळवलं पाहिजे, आणि तोवर घराच्या व्यवहाराची मुदत संपत येते.

दोघांचंही म्हणणं अर्धं खरं असतं. क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज कायदा, २००५ च्या कलम २१ ने तुम्हाला आपली माहिती मागण्याचा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी ३० दिवसांची मुदतही आहे. पण त्याच कलमात अशी अट आहे की संबंधित बँकेने दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्यावरच क्रेडिट कंपनीने नोंद बदलायची. वाद कोर्टात किंवा लवादापुढे असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत नोंद बदलत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने करा. मधली एखादी गाळली की तक्रार हमखास परत येते.

पहिली पायरी: चारही अहवाल काढा

भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. म्हणूनच बोलण्यात 'सिबिल' हा शब्द चौघींसाठीही वापरला जातो. २०१५ पासून प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला चारही ठिकाणी सदस्य व्हावं लागतं, पण म्हणून चारही अहवाल सारखे नसतात. एकीकडे बँकेने पाठवलेली माहितीची फाइल नाकारली गेलेली असते, दुसरीकडे तुमच्या नावाच्या दोन फाइली झालेल्या असतात. शिवाय नवी बँक चौघींपैकी कोणाचा अहवाल पाहील हे आपल्या हातात नाही.

१ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा स्कोअरसकट (कर्जफेडीची पत दाखवणाऱ्या आकड्यासकट) पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. पैसे भरण्याच्या किंवा कर्ज देणाऱ्या ॲपमध्ये जो 'फ्री स्कोअर' दिसतो, तो बहुधा एकाच कंपनीचा असतो आणि त्यात महिनावार तपशील तुटक येतो. पहिल्या वेळी चारही अहवाल एकाच आठवड्यात काढा, म्हणजे शेजारी ठेवून तुलना करता येते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही, ही भीती सोडून द्या.

अहवालावर एक कंट्रोल नंबर किंवा अहवाल क्रमांक छापलेला असतो. तो टिपून ठेवा. तक्रारीच्या अर्जात सगळ्यात आधी तोच मागतात.

दुसरी पायरी: ओळखीचा भाग तपासा

लोक थेट स्कोअर बघतात आणि नाव-पत्त्याचं पान उलटून टाकतात. वास्तविक दुसऱ्याचं कर्ज तुमच्या अहवालात शिरतं ते याच पानातून. जुळणी होते ती नाव, जन्मतारीख, पॅन, मतदार ओळखपत्र, मोबाइल आणि पत्ता यांच्या आधारावर. यातल्या दोन-तीन गोष्टी मिळत्याजुळत्या असल्या की दोन माणसं एक होऊ शकतात, किंवा एका माणसाच्या दोन फाइली होऊ शकतात.

मराठी नावांची यात खास अडचण आहे. सावंत हे आडनाव इंग्रजीत कोणी व्ही घालून लिहितं, कोणी डब्ल्यू. दाखल्यावर 'रामराव', आधारवर नुसतं 'राम', पासबुकात आडनाव आधी. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पॅनचा क्रमांक मात्र तोच राहतो. मग माहेरच्या नावावरचं शैक्षणिक कर्ज एका फाइलमध्ये आणि सासरच्या नावावरचं कार्ड दुसऱ्या फाइलमध्ये असं होतं. गावाकडे पत्ता म्हणजे 'मु. पो.' आणि तालुका. एकाच गावात एकाच नावाचे, मधलं नावही तेच असलेले चुलतभाऊ असले, तर पत्त्याने काहीच वेगळं होत नाही. तिथे पॅन आणि जन्मतारीख हाच काय तो आधार. जुन्या दुचाकीच्या किंवा मोबाइलच्या हप्त्याच्या कर्जात पॅन न घेता फॉर्म ६० वर (पॅन नसल्याच्या घोषणापत्रावर) भागवलेलं असलं, तर हा आधारही जातो.

पॅनचं एक अक्षर चुकलेलं, जन्मसाल वेगळं, कधीही न राहिलेल्या गावाचा पत्ता, अनोळखी मोबाइल क्रमांक, यातलं काहीही दिसलं तर खूण करून ठेवा. जुना पत्ता किंवा बंद केलेला नंबर दिसणं ही चूक नव्हे.

तिसरी पायरी: प्रत्येक खातं सात जागी वाचा

एकेका खात्यात या जागा पाहा: कर्ज कोणत्या बँकेचं किंवा कंपनीचं, मालकीचा प्रकार, उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख, चालू बाकी, थकीत रक्कम आणि माहिती कळवल्याची तारीख. त्याखाली असते ती महिनावार चौकटींची पट्टी. ती निवांत वाचा, सगळ्यात जास्त चुका तिथेच सापडतात.

मालकीच्या प्रकाराकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवं. वैयक्तिक, संयुक्त, जामीनदार आणि कार्डाच्या बाबतीत पुरवणी कार्डधारक असे प्रकार असतात. भावकीत, कार्यालयात, बँकेच्या ओळखीत जामीन राहण्याची पद्धत आपल्याकडे जुनी. मित्राने हप्ता थकवला की ते खातं तुमच्याही अहवालात थकलेलं दिसतं, आणि ते नियमाला धरून आहे. चूक तेव्हा, जेव्हा जामीनदाराला कर्जदार म्हणून दाखवलेलं असतं, किंवा बँकेने लेखी जामीन सोडल्यावरही नाव तसंच असतं.

आता पट्टी. प्रत्येक महिन्याखाली एक आकडा असतो, तो म्हणजे सर्वांत जुना हप्ता त्या तारखेला किती दिवस थकला होता. '०००' म्हणजे काही थकलेलं नाही. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही. हा काही तुमच्यावरचा ठपका नव्हे. काही बँका आकड्याऐवजी वर्गवारी कळवतात: 'एसटीडी' म्हणजे नियमित, 'एसएमए' म्हणजे घसरणीला लागलेलं, 'एसयूबी' म्हणजे ९० दिवसांच्या पुढे थकलेलं, 'डीबीटी' संशयित आणि 'एलएसएस' बुडीत.

समजा, पट्टीत जुलै ०००, ऑगस्ट ०२९, सप्टेंबर ००० असं आहे. तुम्हाला आठवतं की उशीर तर एकाच हप्त्याला झाला होता, मग ०२९ एवढं मोठं का? तुमचा हप्ता २ ऑगस्टला होता, खात्यात पैसे कमी पडले, आणि तुम्ही ३ सप्टेंबरला दोन्ही हप्ते एकदम भरले. ३१ ऑगस्टला बँकेने स्थिती कळवली तेव्हा २ तारखेचा हप्ता २९ दिवस थकलेला होता. नोंद बरोबर आहे. यावर तक्रार केली तर ती फेटाळली जाईल आणि ते योग्यच असेल. पण २ ऑगस्टला खात्यात पुरेसे पैसे होते आणि फायनान्स कंपनीने हप्ता वसुलीला पाठवलाच नाही, असं असेल तर चित्र पालटतं. त्या दिवसाची शिल्लक दाखवणारा आणि वसुलीची कोणतीही नोंद नसलेला खातेउतारा हा मग तुमचा पुरावा होतो.

कार्डाबाबत एक वेगळी अडचण वारंवार येते. न वापरलेल्या कार्डावर ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि ९० रुपये जीएसटी लागतो. विवरणपत्र जुन्या ईमेलवर जातं आणि ५९० रुपयांसाठी पट्टीत ०३०, ०६०, ०९० असे आकडे चढत जातात. कार्ड तुम्ही सुरूच केलं नव्हतं, तर ते अहवालात येताच कामा नये, कारण सुरू न झालेल्या कार्डाची माहिती कळवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. देय तारीख उलटून तीन दिवसांच्या आत बिल भरलं असेल, तर कार्ड थकीत म्हणूनही कळवता येत नाही. हे दोन नियम तक्रारीत नेमके लिहिले तर उत्तरही नेमकं येतं.

शेतकऱ्यांसाठी थोडं वेगळं. पीककर्जाचं खातं थकीत वर्गात कधी जाईल हे ९० दिवसांवर नाही, पीकहंगामांवर ठरतं: कमी मुदतीच्या पिकांना दोन हंगाम, जास्त मुदतीच्या पिकांना एक. राज्य शासनाच्या २०१७ च्या किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बसलेलं खातं अजून थकलेलं किंवा 'राइट-ऑफ' (बुडीत म्हणून सोडलेलं) दिसत असेल, तर माफीची रक्कम जमा झाल्याचा खातेउतारा आणि बेबाकी दाखला घेऊन कर्ज देणाऱ्या शाखेत जा.

चौथी पायरी: चूक, उशीर आणि खरी पण नकोशी नोंद वेगळी करा

आधी उशीर. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी दर महिन्याच्या १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती कळवायची, त्यासाठी सात दिवस, आणि क्रेडिट कंपनीने ती पाच दिवसांत चढवायची असा नियम आला. १६ तारखेला कर्ज बंद केलंत तर ते महिनाअखेरच्या फाइलमध्ये जाईल आणि पुढच्या महिन्याच्या साधारण १२ तारखेपर्यंत दिसेल. रिझर्व्ह बँक हे चक्र आवळत चालली आहे, तेव्हा कदाचित त्याहून लवकरही दिसेल. कर्ज फेडल्याच्या तिसऱ्या दिवशी तक्रार करण्यात अर्थ नाही. महिनाभर थांबा.

मग खरी पण नकोशी नोंद. थकलेल्या कार्डाचे ८०,००० रुपये देणं होते, बँकेशी बोलणी करून तुम्ही ४५,००० भरून विषय मिटवला. वसुलीवाल्याने 'आता सगळं क्लिअर' असं सांगितलं. अहवालात मात्र 'सेटल्ड' येतं, 'क्लोज्ड' नाही, कारण बँकेने ३५,००० सोडले आहेत. ही चूक नाही आणि तक्रार करून ती जाणार नाही. मार्ग एकच: सोडलेली रक्कम भरल्यावर खातं पूर्ण फेडलेलं म्हणून कळवाल का, हे बँकेला आधी लेखी विचारा, होकार लेखी घ्या, मगच पैसे भरा. फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही देऊ नका.

'पैसे द्या, महिन्यात सेटल्ड काढून देतो, स्कोअर ७५० करून देतो' अशी जाहिरात करणारे एजंट गल्लोगल्ली झाले आहेत. बँकेच्या प्रमाणनाशिवाय नोंद हलत नाही हे कलम २१ मध्ये वाचलंत, मग त्यांच्या हातात काय उरतं ते बघा. खोटी तक्रार टाकणं तेवढं उरतं, आणि तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता. वर त्यांच्याकडे तुमचा पॅन आणि ओटीपी जातो, ते नुकसान तर फार मोठं.

हे सगळं वजा केल्यावर राहतात त्या खऱ्या चुका. नेहमी सापडणाऱ्या अशा: फेडलेलं कर्ज चालू दिसणं, एकच कर्ज दोनदा दिसणं, भरलेला हप्ता थकलेला दिसणं, दुसऱ्याचं कर्ज, आणि तुमच्या नावावर कोणीतरी काढलेलं कर्ज. दोनदा दिसणाऱ्या कर्जामागे बहुतेक वेळा बँकांचं विलीनीकरण किंवा कर्जाची विक्री असते. १ एप्रिल २०२० ला अनेक सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या आणि खाते क्रमांकही ठिकठिकाणी बदलले. जुन्या क्रमांकाची नोंद बंद न होता नवी सुरू झाली, तर एका गृहकर्जाची दोन होतात आणि तुमच्यावरचा बोजा कागदावर दुप्पट दिसतो. उघडल्याची तारीख आणि मंजूर रक्कम दोन्हीकडे एकच असेल, तर संशय पक्का.

पाचवी पायरी: कागद जमवा

फेडलेल्या कर्जासाठी निल (बेबाकी) दाखला हवा. त्यावर खाते क्रमांक, बंद झाल्याची तारीख आणि 'कोणतीही रक्कम येणे बाकी नाही' हे तिन्ही असायला हवं. नुसती शेवटच्या हप्त्याची पावती पुरत नाही, कारण मागे हप्ता परत गेल्याचं शुल्क राहिलेलं असू शकतं, आणि त्या किरकोळ रकमेवरच खातं उघडं राहतं. म्हणून कर्जखात्याचा शून्य बाकी दाखवणारा उतारा सोबत घ्या. हप्त्याच्या वादाला बचतखात्याचा त्या महिन्याचा उतारा आणि व्यवहार क्रमांक लागतो. ओळखीच्या चुकीला पॅन, आधार आणि नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र.

दुसऱ्याने काढलेल्या कर्जात पुरावा तुमच्याकडे नसतोच, तो कर्ज देणाऱ्याकडे असतो. त्यांना लेखी विचारा: अर्जावरचा फोटो आणि सही दाखवा, कोणता मोबाइल क्रमांक दिला होता, आणि मुख्य म्हणजे कर्जाचे पैसे कोणत्या बँकखात्यात गेले? ते खातं तुमचं नाही हे सिद्ध झालं की बाकीचा युक्तिवाद लागत नाही. त्याच दिवशी १९३० या मदत क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रात घाला.

सहावी पायरी: एकाच दिवशी दोन ठिकाणी तक्रार

क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर अहवालातलं खातं निवडून, चुकीची जागा निवडून तक्रार टाका. त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागालाही लिहा. प्रत्येक बँकेने क्रेडिट कंपन्यांशी बोलायला एक नोडल अधिकारी नेमलेला असावा लागतो. मायना त्यांच्याच नावे करा. शाखेत पत्र दिलं तर प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

'माझं सिबिल दुरुस्त करा' हे वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. मजकूर असा हवा:

'माझं वैयक्तिक कर्ज खाते क्रमांक अमुक दि. १८ मार्च २०२४ रोजी पूर्ण फेडून बंद झालं (निल दाखला जोडला आहे). सिबिलच्या दि. ५ जून २०२५ च्या अहवालात (कंट्रोल नंबर अमुक) या खात्यात चालू बाकी १२,४५० रुपये आणि बंद झाल्याची तारीख रिकामी दाखवली आहे. चालू बाकी शून्य, थकीत रक्कम शून्य आणि बंद तारीख १८ मार्च २०२४ अशी दुरुस्ती आपल्या प्रणालीत करून चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवावी आणि केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी.'

एका तक्रारीत एकच खातं घ्या. तीन खात्यांचं एकत्र लिहिलं की एकाचं उत्तर येतं आणि तिन्ही बंद केली जातात. स्कोअर कमी आहे म्हणून तक्रार चालत नाही. दुरुस्ती माहितीची होते, स्कोअर तिच्यामागून आपोआप बदलतो. 'आपल्या प्रणालीत' हा शब्द मात्र गाळू नका, त्याचं कारण शेवटी येईल.

सातवी पायरी: दिवस मोजा, भरपाई मागा

तक्रार बँकेकडे आधी गेली किंवा क्रेडिट कंपनीकडे, पहिल्या तक्रारीच्या तारखेपासून ३० दिवस मोजायचे. यातले २१ दिवस बँकेला सुधारित माहिती पाठवायला असतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, २६ एप्रिल २०२४ पासून, ३० दिवसांपुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ४७व्या दिवशी तक्रार मिटली तर १७ दिवसांचे १,७०० रुपये, तेही मिटल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत तुमच्या खात्यात. बँकेने २१ दिवसांत कळवूनही उशीर झाला तर क्रेडिट कंपनी देते, नाहीतर बँक. म्हणून तक्रार करतानाच बँकखात्याचा तपशील भरा. तक्रार फेटाळली तरी कारण कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार नोंदवण्याच्या पोर्टलवर जा. शुल्क नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. क्रेडिट कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत, त्यामुळे तक्रार त्यांच्याविरुद्धही नेता येते. आधीच्या लेखी तक्रारीची प्रत आणि तारीख नसेल तर मात्र तिथे अर्ज टिकत नाही. शिक्क्याची प्रत लागते ती इथे.

दुरुस्तीनंतर

'आपली तक्रार निकाली काढली' असा संदेश आला की नवा अहवाल काढून तेच खातं त्याच सात जागी वाचा, फक्त संदेशावर विसंबू नका. चार कंपन्यांपैकी एकीकडे दुरुस्त आणि तिघींकडे जुनंच, हे नेहमी होतं. बँकेच्या उत्तराची प्रत जोडून उरलेल्या तिघींकडे लगेच तक्रार टाका.

आणि तीन महिन्यांनी पुन्हा एकदा पाहा. बँक दर फाइलमध्ये खात्याची स्थिती नव्याने पाठवते. क्रेडिट कंपनीकडची नोंद सुधारली, पण बँकेच्या स्वतःच्या प्रणालीत खातं उघडंच राहिलं, तर पुढची फाइल चुकीची बाकी पुन्हा आणून ठेवते. तसं झालं तर नवी तक्रार सुरू करताना जुन्या तक्रारीचा क्रमांक आणि मधला दुरुस्त अहवाल जोडा. कर्जखात्याचा ताजा उतारा शाखेतून मागून घ्या: त्यावर शून्याऐवजी दुसरा कुठलाही आकडा असेल, तर आधी तो मिटवून घ्या.